कोऱ्या कागदावरची काळी बोटं

भूकंप झाला तेव्हा नाजिया जेमतेम तीन वर्षांची होती. नांदेडच्या इतवाऱ्यात तिचे वडील लालमहंमद यांचा फोटो स्टुडिओ होता. चार लोकांबरोबर तेही जीपमध्ये बसून किल्लारीकडे गेले, ओळख न पटलेल्या मृतांचे फोटो काढायला. परत आल्यावर स्टुडिओच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी ते सगळे फोटो धुतले आणि स्वतःच घेऊन पुन्हा तिकडे गेले. छावणीत एकेका माणसाशेजारी बसायचे, पाणी द्यायचे आणि मग फोटो पुढे करायचे. पाकिटात घालून कुणाच्या हाती कधी दिले नाहीत.

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या नाहीत. नवरीच्या तोंडावरची पावडर त्यांना बघवत नसे. तिकडचे सगळे चेहरे मातीनं असेच पांढरे झाले होते, एवढंच ते एकदा बायकोला म्हणाले.

अशा घरात नाजिया वाढली. चित्रात काय आहे यापेक्षा ते कसं उमटतं याचं तिला लहानपणापासून वेड. नांदेडलाच एमसीए झाली, मुदखेडला लग्न झालं, दोन वर्षांत ते मोडलं. तोवर मोबाईल आले होते आणि स्टुडिओचं शटर खाली पडलं होतं. मग लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये नोकरी लागली, तेव्हा ती बॅग उचलून लातूरला आली आणि औसा रोडच्या मागे एक खोली घेऊन राहिली. रविवारची परीक्षा आटोपली की कधीमधी लोह्याच्या गाडीनं नांदेडला जायची, एवढंच तिचं जाणं-येणं.

लातूरला तेव्हा क्लासचं पीक जोरात होतं. हदगावपासून देगलूर-उदगीरपर्यंतची पोरं येत. भिंतीवर भिंती चढवून खोल्या काढलेल्या, खाली मेस, वर अभ्यासिका, आणि प्रत्येक इमारतीवर डॉक्टर होणाऱ्या पोरांचे हसरे फलक. नाजियाच्या क्लासमध्ये दर रविवारी चाचणी होई आणि महिन्याच्या शेवटी त्या गुणांवरून बॅचेस बदलत. पहिल्या बॅचला मोठे सर स्वतः शिकवत. खालच्या बॅचना नवी माणसं, आणि अगदी खालच्यांना पडद्यावर चालणारे जुने तास. पोरं जेवताना, अंघोळीच्या रांगेत, सगळीकडे एकमेकांना बॅचच्या आकड्यानं ओळखत. पहिलीतून पडणं म्हणजे काय, हे लातुरात कुणाला सांगावं लागत नसे.

हे गुण मोजण्याचं काम नाजियाचं. आधी उत्तरपत्रिका तपासायला बाहेरचं मशीन आणत. क्लासचे मालक पंचाक्षरी सर एकदा म्हणाले, "मॅडम, एवढं शिकलात, आपलं स्वतःचं काही होत नाही का?" नाजियानं साधा स्कॅनर घेतला, फुकट मिळणारी एक इमेज प्रोसेसिंगची लायब्ररी घेतली आणि कामाला लागली.

संगणकाला चित्र दिसत नाही, आकडे दिसतात. काळ्याकुट्ट ठिपक्याला शून्य, पांढऱ्याशुभ्राला दोनशे पंचावन्न, आणि मधल्या राखाडी छटांना मधले आकडे. नाजियानं कोऱ्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा स्कॅन करून त्यांची सरासरी काढली. त्या कोऱ्या कागदातून पोरांनी भरलेला कागद वजा केला की जे उरेल ती पेनाची शाई. कागदा-कागदातला दोन-चार आकड्यांचा फरक शून्यच धरायचा. जिथं जास्त उरेल तो गोल रंगवलेला. युक्ती साधी आणि चांगली होती.

पण सरासरी काढली की आकड्यांना दशांश चिकटतात, आणि गोल शोधणारा लायब्ररीतला भाग दशांशाचं चित्र घेईना. दर वेळी पडद्यावर तांबड्या ओळी, या प्रकारच्या आकड्यांचं चित्र चालणार नाही म्हणून. डेटा टाइपची चूक म्हणतात तिला. दोन दिवस नाजियाचं डोकं त्यात गेलं. मग तिनं इंटरनेटवर शोधलं. कुणी कुणाला दिलेलं उत्तर सापडलं, की दशांशाचे आकडे साध्या लहान आकड्यांत बदलून टाका, एका ओळीचं काम आहे. तिनं ती ओळ टाकली. तांबडं दिसेनासं झालं आणि प्रोग्राम सुरळीत चालू लागला. पंचाक्षरी सरांनी सगळ्या ऑफिसला इडली-वडा खाऊ घातला आणि म्हणाले, "आता मशीनवाल्याचे नखरे संपले."

चूक दिसेनाशी झाली म्हणजे गेली, असं तेव्हा नाजियालाही वाटलं.

त्या वर्षी रिपीटर मुलींमध्ये निलांबिका नावाची एक मुलगी होती. किल्लारीच्या पलीकडच्या, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावची. अबोल, सावळी, बेंचवर बसली की मान वर न करणारी. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकली होती आणि जूनपासून पहिल्या बॅचमध्ये होती. तिचे वडील चंद्रप्पा पत्र्याची शेडं मारायचं काम करत. भूकंपाच्या रात्री ते बारा वर्षांचे होते. विसर्जनाहून दमून गणपतीच्या मांडवातच झोपले म्हणून राहिले. घरातलं दुसरं कुणी राहिलं नाही. तेव्हापासून दगडामातीच्या छताखाली ते निजत नसत. मुलीसाठी हॉस्टेल बघतानासुद्धा त्यांनी तळमजलाच मागून घेतला होता आणि वॉर्डनबाईंना विचारलं होतं, "दार बाहेरच्या बाजूला उघडतं न्हवं?"

चंद्रप्पांनी मुलीला एकच अट घातली होती. दिवाळीपर्यंत पहिल्या बॅचमध्ये टिकली तर परीक्षा होईपर्यंत लातूरला राहायचं. पडली तर घरी यायचं. बसवकल्याणकडचं एक स्थळ दारात येऊन थांबलं होतं.

श्रावण सरता सरता निलांबिकाचे गुण उतरायला लागले. आधी थोडे, मग बरेच. चंद्रप्पा कामावरचे कपडे न बदलताच क्लासच्या ऑफिसात आले. मुलगी मागे उभी.

"मॅडम, पोरगी म्हंती उत्तरं बरोबर हायती."

नाजियानं संगणकावर नाव काढलं. निकालाच्या तक्त्यात जागोजागी दुहेरी खूण असा शेरा होता. "भाऊ, उत्तरांचा प्रश्न नाही. ही एका प्रश्नाला दोन-दोन गोल रंगवतेय. तसं केलं की चूक धरतात आणि वर एक गुण कापतात."

"दोन कशाला रंगवंल? येडी हाय का ती?"

"घाई होत असेल. हात घसरत असेल."

"मी एकच रंगवते, मॅडम," निलांबिका हळूच म्हणाली.

"गप. मॅडमला काय तुझं वाकडं करायचंय?" चंद्रप्पा मुलीकडे न बघताच म्हणाले. मग नाजियाकडे वळून, "म्हंजे मशीन चुकत न्हाई म्हणा."

"मशीन चुकत नाही, भाऊ."

तिनं त्या मुलीचे कागद उघडून बघितले नाहीत. स्कॅन केलेलं सगळं तिथंच होतं, दोन बटणं दाबली असती तर पडद्यावर आलं असतं. पण बाहेर पालकांची रांग होती, आणि असं म्हणणारी दहा पोरं रोज येत.

दिवाळीच्या आधीच निलांबिका पहिल्या बॅचमधून पडली. चंद्रप्पा तिची गादी आणि ट्रंक न्यायला आले, तेव्हा ऑफिसात सगळ्यांना नमस्कार करून गेले. त्यांची ती रीतच होती. मठातली विभूती ते बरोबर बाळगत. पुडी सोडून पंचाक्षरी सरांच्या हातावर थोडी ठेवली, शिपायाला दिली. नाजियासमोर आल्यावर क्षणभर थांबले आणि बांधलेली एक लहानशी पुडी टेबलावर ठेवली.

"तुमच्यात चालत न्हाई, ठाऊक हाय मला. मशीनला लावा जराशी. लई गुणाची हाय तुमची मशीन."

शिपाई हसला. कुणाच्या देवाची वस्तू केरात टाकणं नाजियाच्यानं झालं नाही. पुडी तिनं स्कॅनरशेजारी पेनांच्या डब्यात ठेवून दिली.

दिवाळीनंतर कागदाचा नवा गठ्ठा आला. स्वस्तातला, जरा मळकट रंगाचा. आधीचाही तसाच होता. गठ्ठा बदलला की कोरे कागद पुन्हा स्कॅन करून बघायचे हा नाजियाचा नेम. त्या दिवशी डब्यातून पेन काढताना पुडीचा कागद फाटला आणि विभूती सांडली. तिनं टेबल पुसलं, हात ओढणीला झटकले आणि कोरे कागद स्कॅनरमध्ये घातले.

निकाल आला. ज्या कागदावर पेन टेकलं नव्हतं, त्यावर काही प्रश्नांची उत्तरं लिहिलेली आहेत, काही ठिकाणी दोन-दोन, असं संगणक सांगत होता.

आधी तिला वाटलं कागद खराब असेल. मग तिनं वजाबाकीनंतरचं चित्र पडद्यावर मोठं केलं. कोऱ्या कागदाच्या कडेला, गोलांच्या ओळींवरच, तीन काळीभोर बोटं उमटली होती. तिनं आपल्या हाताकडे बघितलं. बोटांवर राख होती, पांढरी, दिसेल न दिसेल अशी.

मग ती खुर्चीवर बसली आणि तिला एकेक कळत गेलं.

कोरा कागद मळकट. राख त्याहून पांढरी. कोऱ्यातून राख लागलेला भाग वजा केला की उत्तर शून्याच्या खाली जायचं, उणे दहा, उणे पंधरा. दशांशाच्या आकड्यांना उण्याचं वावडं नसतं. पण तिनं जी एक ओळ टाकली होती ती सगळे आकडे लहान पेटीत कोंबत होती, आणि त्या पेटीत शून्य ते दोनशे पंचावन्न एवढंच मावतं. उणे त्यात बसतच नाही. जुन्या स्कूटरचं मीटर शून्यावरून मागे फिरवलं की एकदम सगळे नऊ दिसतात, तसा तो उणे पंधरा फिरून दोनशे एक्केचाळीस व्हायचा. म्हणजे कागदापेक्षा पांढरी जागा संगणकाला शाईपेक्षा काळी दिसत होती.

आणि लायब्ररी तेच तर सांगत होती. त्या तांबड्या ओळी म्हणजे थांब, हे आकडे यात मावणार नाहीत, एवढंच म्हणणं होतं. नाजियानं तिचं तोंड बंद केलं होतं.

दुरुस्ती करायला फार वेळ लागला नाही. उणे आकडे आधी शून्यावर आणायचे, मग पेटीत घालायचे. मग तिनं जूनपासूनचे निलांबिकाचे सगळे कागद उघडले. पहिल्यांदा. जुन्या पद्धतीनं बघितलं तर प्रत्येक कागदावर काळी बोटं, जूनमध्ये पुसट एखादं, आणि पुढे पुढे दाट होत गेलेली. नव्या पद्धतीनं बघितलं तर नुसते एकेक रंगवलेले गोल.

इतर बरीच पोरं सकाळी खोलीवर विभूती लावून, हात धुऊन येत. त्यांचा एखाददुसरा प्रश्न बुडाला असेल, कुणाच्या लक्षातही आला नसेल. निलांबिका पेपर हातात आल्यावर, बेंचवर बसून लावत असावी. आणि गोल रंगवण्याआधी तीन बोटं त्या ओळीतल्या गोलांवरून सरकवायची तिला सवय होती. कागदावर ते स्वच्छ दिसत होतं.

नाजिया पंचाक्षरी सरांकडे गेली. सर नुकतेच पूजा करून आले होते. कपाळावरचे तीन पट्टे अजून ओले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दुरुस्त झालं?"

"झालं, सर."

"मग झालं की."

"जुने निकाल पुन्हा काढावे लागतील. बॅचेस त्यावरून पडल्या आहेत. एक मुलगी घरी गेली."

"मॅडम, एक निकाल बदलला की सगळे पालक दारात. मागच्या वर्षीचं काय, त्याच्या मागच्या वर्षीचं काय. समोरच्या क्लासवाल्याला फलक लावायला जागा पुरणार नाही."

"निदान हात पुसून बसा, एवढी तरी सूचना लावू या."

"विभूती लावून बसू नका अशी?" पंचाक्षरी सर आवाज न चढवता म्हणाले. "आणि लिहिणार कोण, तुम्ही? उद्या चौकात तुमचं नाव घेतील. तुमच्या भल्याचं सांगतोय मी. मशीन सुधारली ना, मग गप बसा."

रविवारी ती नांदेडला गेली. लालमहंमद आता फारसे उठत नसत. दारात खुर्ची टाकून बसायचे. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "अब्बा, फोन करू का त्यांना? नंबर आहे माझ्याकडे."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "ऐसी बात फोन पे नको बोलू. जाकू बोल. शेजारी बसून बोल." मग तिच्याकडे वळून, "और जो पुच्छे, वो सच्ची बोल. मी एका बाईला सांगितलं होतं, तुझ्या पोराला काही दुखलं नसेल. तिला समजलं मी खोटं बोलतोय. नंतर तिनं बाकीचे फोटो बघितलेच नाहीत."

निलांबिकाचं गाव पाटीवर आखल्यासारखं सरळ होतं. सारखी घरं, सारखे रस्ते. चंद्रप्पांच्या घरी सिमेंटच्या खोलीत धान्य आणि जुनं सामान, आणि पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसं. दुपारचा पत्रा तापून तडतडत होता. निलांबिका नवी साडी नेसून तांदूळ निवडत बसली होती. नाजियाला बघून उठली आणि साडीचा पदर सावरला.

"या, मॅडम," चंद्रप्पा म्हणाले. "मशीन बंद पडली काय?"

"नाही, भाऊ. मशीन चुकत होती."

चंद्रप्पांनी चटई पुढे ओढली. नाजिया बसली, लॅपटॉप उघडला आणि जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं. मुलीनं एकच गोल रंगवला होता. दुसरा काळा दिसत होता ती विभूती होती. विभूतीत काही वाईट नाही, मी लिहिलेली एक ओळ वाईट होती. तुम्ही आला होतात तेव्हाच मी हे कागद उघडून बघायला पाहिजे होते.

"म्हंजे इभूतच काळी दिसली," चंद्रप्पा म्हणाले.

"माझ्या चुकीमुळे दिसली."

"दिसली तर खरी."

निलांबिका जवळ सरकली. पडद्यावर तिचाच कागद होता, एकदा जसा होता तसा आणि शेजारी संगणकाला दिसलेला. तिनं आपली तीन बोटं त्या काळ्या ठशांशेजारी धरली. तंतोतंत तीच.

"श्रावणापासून मार्क कमी यायला लागले," ती म्हणाली, "तर बाबांनी जास्त पाठवली. मठात सांगून. मग मी जास्त लावायला लागले, प्रत्येक पानाच्या आधी." तिनं बोटं मिटून घेतली. "मॅडम, कमी लावली असती तर?"

नाजियाला लालमहंमदांचे शब्द आठवले. खोटं बोलायला जीभ वळली होती, ती तिनं मागे घेतली.

"तर कमी गेले असते."

चंद्रप्पा शेडच्या खांबाला टेकून उभे होते. दर महिन्याला एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पुडी पाठवणारा माणूस तो. भूकंपाच्या पहाटे मांडवातून बाहेर आला तेव्हा मठाच्या स्वामींनी मातीनं भरलेल्या त्याच्या कपाळावर आपल्या हातानं बोटं ओढली होती. त्या एका गोष्टीवर तो पुढचं सगळं आयुष्य उभा राहिला होता. चंद्रप्पांचा हात कपाळाकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि खाली आला.

"मी क्लासचं काही बोलू शकत नाही," नाजिया म्हणाली, "पण परीक्षा अजून व्हायची आहे, भाऊ. हिला घरी बसून अभ्यास करता येईल. मी येत जाईन."

"सुपारी फुटली, मॅडम. परवाच. बसवकल्याणवाल्यांना पोरगी लगीच पायजे."

"त्यांना सांगितलं तर? चूक मशीनची होती म्हणून?"

"काय सांगू? माझ्याच हातानं पाठविलेल्या पुडीनं पोरगी नापास झाली म्हणू?" ते पहिल्यांदाच थोडं हसले. "आन् मागं फिरलो तर धाकट्या पोरीला कोण पसंत करंल? न्हाई. झालं ते झालं. निला, चहा ठेव मॅडमला."

चहा झाला. कपात साय आली तरी चंद्रप्पांनी आपला उचलला नव्हता. नाजिया उठली तेव्हा ते शिडी खांद्यावर घेऊन कुठल्या तरी शेडच्या कामावर निघून गेले. त्या दिवशी काम होतं की नव्हतं, कोण जाणे.

निलांबिका तिला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. नाजियानं पर्समधून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिनं वाचून पदरात बांधलं.

"मॅडम, एक विचारू? नव्यानं काढलं तर मला किती पडले?"

नाजियानं ते काढलेलं होतं. तिला वाटलं होतं मुलगी विचारणार नाही.

"तू पहिल्या बॅचमधून पडलीच नव्हतीस, निला. शेवटच्या तीन चाचण्यांत मुलींमध्ये तुझ्यापुढं कुणी नव्हतं."

मुलगी मान हलवून ऐकत राहिली, वर्गात ऐकायची तशी. औशाकडची गाडी वळणावर दिसली. तिनं हात करून ती थांबवली, नाजिया चढेपर्यंत दाराशी उभी राहिली आणि मग खिडकीजवळ येऊन म्हणाली,

"हे बाबांना सांगू नका."